ग्रंथ शोधणाऱ्याचा वेळ वाचवणारा गणितज्ञ : डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन

१२ ऑगस्ट हा दिवस देशभरात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा हा नोंदणीकृत जन्मदिन आहे. गणिताचे अध्यापन सोडून ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी ज्ञानाची मांडणी आणि शोध यांसंबंधी जो विचार मांडला, त्याचा प्रभाव पुढे जगभरातील ग्रंथालयांवर पडला. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा कालखंड बंगळूरमध्ये, म्हणजे आजच्या बेंगळुरूमध्ये व्यतीत झाला. २७ सप्टेंबर १९७२ रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले.

आज बेंगळुरू हे माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतील नोंदी अशी अगणित माहिती डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या संगणक प्रणालींवर या शहरात अहोरात्र काम चालते. मात्र साठवलेली माहिती विचारणाऱ्याला नेमकी आणि त्वरित कशी मिळावी, हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. रंगनाथन यांनी तो संगणकाचा मागमूसही नसताना, मद्रासमधील एका ग्रंथालयाच्या कपाटांसमोर उभे राहून स्वतःला विचारला होता.

बालपण आणि गणिताचे अध्यापन

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात शियाळी या गावी झाला. सरकारी नोंदीत जन्मतारीख १२ ऑगस्ट असली, तरी प्रत्यक्ष जन्म ९ ऑगस्टचा असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ज्या माणसाने पुढे नोंदींच्या अचूकतेसाठी आयुष्य वेचले, त्याच्याच जन्माच्या नोंदीत तीन दिवसांचा फरक राहिला.

ते सहा वर्षांचे असताना पित्याचे छत्र हरपले. शियाळीच्या हिंदू हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तेथे १९१३ साली गणितात बी.ए. आणि १९१६ साली एम.ए. पदवी त्यांनी संपादन केली. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांचा त्यांच्यावर सखोल प्रभाव पडला आणि गुरूविषयीची ही कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत जपली. बोलताना अडखळण्याचा दोष असूनही त्यांनी अध्यापनाचा पेशा स्वीकारला आणि त्या दोषावर प्रयत्नपूर्वक मात केली.

सैदापेठ येथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्यानंतर १९१७ साली ते मंगळूरच्या सरकारी महाविद्यालयात रुजू झाले. त्यानंतर कोइमतूर आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्यांनी गणित शिकवले. वर्गात केवळ व्याख्यान न देता विद्यार्थ्यांनी स्वतः ग्रंथ पाहून विषय समजून घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. ग्रंथालयाशी त्यांचा संबंध तेव्हा एवढ्यापुरताच होता.

अनिच्छेने स्वीकारलेले पद

मद्रास विद्यापीठाने १९२३ साली ग्रंथपालाचे नवे पद निर्माण केले. या पदासाठी सुमारे नऊशे अर्ज आले, परंतु ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला उमेदवार त्यांत नव्हता. गणितातील संशोधनपर लेखनामुळे रंगनाथन यांची निवड झाली. मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील एका लेखावरून त्यांनी या विषयाची तोंडओळख करून घेतली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अध्यापनाच्या तुलनेत वेतन अधिक होते, म्हणून मित्रांच्या आग्रहाखातर त्यांनी अर्ज केला होता.

जानेवारी १९२४ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला, पण थोड्याच दिवसांत त्यांना पश्चात्ताप झाला. विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वर्गातून ते वाचक क्वचितच फिरकत असलेल्या ग्रंथालयात येऊन पडले होते. परत अध्यापनाकडे जाऊ द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. तेव्हा एक तडजोड झाली. प्रशिक्षणासाठी त्यांनी लंडनला जावे आणि परतल्यानंतरही ग्रंथपालपदात रस वाटला नाही, तर अध्यापकाचे पद त्यांच्यासाठी खुले राहील, असे ठरले.

लंडनमधील खेळणे

१९२४ च्या उत्तरार्धात ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ग्रंथालयशास्त्राच्या विभागात दाखल झाले. तेथे डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे वर्गीकरणाचे अध्यापक त्यांना लाभले. सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. रंगनाथन यांनी तेथील कामकाज जवळून पाहिले आणि ब्रिटनमधील शंभरहून अधिक ग्रंथालयांना भेटी दिल्या.

या भेटींत एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. कामगार, गृहिणी, लहान मुले असे समाजाच्या सर्व थरांतील लोक सार्वजनिक ग्रंथालयात सहज ये-जा करीत होते. भारतात मात्र ग्रंथ ही कुलपात जपून ठेवण्याची संपत्ती मानली जात होती. ग्रंथपालाचे काम राखणदाराचे नसून ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याचे आहे, अशी त्यांची खात्री पटली. अध्यापनाकडे परतण्याचा विचार तेथेच संपला.

दुसरी गोष्ट त्यांच्या गणिती बुद्धीला खटकली. अमेरिकेतील मेलव्हिल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश वर्गीकरण पद्धती त्या वेळी सर्वाधिक प्रचलित होती. या पद्धतीत जगातील विषयांची यादी आधीच तयार केलेली असते आणि प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक दिलेला असतो. नवा ग्रंथ आला की त्याला त्या यादीतील एखाद्या घरात बसवायचे. पण दोन-तीन विषय एकत्र आलेला ग्रंथ कोणत्या घरात ठेवावा, याचे समाधानकारक उत्तर अशा यादीत मिळत नसे.

लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. धातूच्या पट्ट्या, चाके, खिळे आणि नट-बोल्ट एवढ्याच मोजक्या सुट्या भागांपासून विक्रेता कधी पूल, कधी गाडी, तर कधी यारी तयार करून दाखवीत होता. विषयांची तयार घरे बांधण्याऐवजी विषयांचे मूळ घटक निश्चित करावेत आणि प्रत्येक ग्रंथानुसार ते जोडून त्याचा क्रमांक तयार करावा, ही कल्पना त्यांना तेथे स्फुरली. घटक जोडण्यासाठी नट-बोल्टच्या जागी त्यांनी द्विबिंदू, म्हणजे कोलन हे विरामचिन्ह योजले. १९२५ साली मायदेशी परतताना एलिसिया या जहाजावरील ग्रंथसंग्रहावर त्यांनी या पद्धतीचा पहिला प्रयोग केला. हीच पुढे द्विबिंदू वर्गीकरण पद्धती म्हणून विख्यात झाली.

मद्रासची दोन दशके

मद्रासला परतल्यावर रंगनाथन यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे स्वरूप पालटून टाकले. बंद कपाटे खुली झाली आणि वाचकांना स्वतः ग्रंथ हाताळून निवडण्याची मुभा मिळाली. ग्रंथालयाची वेळ वाढवण्यात आली. वाचकाला हवा तो ग्रंथ शोधून देण्यासाठी संदर्भ सेवा सुरू झाली. १९३६ साली ग्रंथालय मरीना किनाऱ्याजवळील स्वतंत्र इमारतीत गेले.

१९२८ साली त्यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली. ग्रंथपालांसाठी त्यांनी सुरू केलेला प्रशिक्षण वर्ग पुढे विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे १९३१ साली बैलगाडीतून खेडोपाडी ग्रंथ नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले, तेही याच चळवळीच्या प्रेरणेतून.

याच काळात त्यांच्या खासगी जीवनावर मोठा आघात झाला. १९२८ साली त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढील वर्षी त्यांचा शारदा यांच्याशी विवाह झाला. शारदाबाईंनी संसाराचा भार स्वतःकडे घेतला, त्यामुळे रंगनाथन यांना ग्रंथालयाला पूर्ण वेळ देता आला. ते दिवसातील तेरा-तेरा तास, सुटीच्या दिवशीही, काम करीत असल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या परिश्रमांतून ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे ग्रंथ एकामागून एक सिद्ध झाले. १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणाची आणि १९३४ साली तालिकीकरणाच्या नियमांची पहिली आवृत्ती निघाली. १९३७ साली वर्गीकरणाची तात्त्विक बैठक स्पष्ट करणारा ग्रंथ आला.

पाच सूत्रांचा आशय साध्या शब्दांत सांगता येतो. ग्रंथाचे मोल त्याच्या वापरात आहे. कोणताही वाचक त्याला हव्या असलेल्या ग्रंथापासून वंचित राहता कामा नये आणि कोणताही ग्रंथ वाचकाविना पडून राहू नये. शोधणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये. ग्रंथालय सतत वाढत जाणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना करावी. भूमितीत जशी गृहीतके आधी मांडून त्यांवरून प्रमेये सिद्ध केली जातात, तशी त्यांनी ग्रंथालयाच्या व्यवहारातील प्रत्येक नियमाची सांगड या पाच सूत्रांशी घातली.

एक ग्रंथ, अनेक वाटा

रंगनाथन यांच्या पद्धतीचे मर्म एका उदाहरणाने समजून घेता येईल. महाराष्ट्रातील उसावर १९५० च्या सुमारास पडलेल्या रोगाच्या नियंत्रणासंबंधी एखादे पुस्तक आहे, असे समजू. कपाटात ते एकाच जागी ठेवता येते. परंतु ते शोधत येणारे वाचक वेगवेगळे असतात. शेतकऱ्याला ऊस हवा असतो, वनस्पतिरोगतज्ज्ञाला रोग हवा असतो, प्रशासकाला महाराष्ट्र हवा असतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो काळ हवा असतो.

अशा विषयाचे रंगनाथन यांनी पैलू पाडले. कोणत्याही विषयात जास्तीत जास्त पाच मूलभूत प्रकारचे पैलू असतात, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी प्रतिपादन केले. व्यक्तित्व म्हणजे ज्याविषयी सांगायचे ती मुख्य वस्तू, पदार्थ म्हणजे ती ज्यापासून बनली ते द्रव्य, ऊर्जा म्हणजे तिच्या बाबतीत घडणारी क्रिया, आणि त्यापुढे स्थळ व काळ. प्रत्येक पैलूसाठी लहान लहान तक्ते तयार केले की त्यांतील चिन्हे जोडून असंख्य विषयांचे क्रमांक तयार करता येतात. त्यांच्या स्थळांच्या तक्त्यात आशियाला ४ आणि भारताला ४४ हा अंक आहे. वैद्यक असो, शेती असो वा शिक्षण, भारतासंबंधीच्या विषयाला स्थळाचा तोच अंक लागतो. देशाचे नाव प्रत्येक विषयाखाली नव्याने नोंदवावे लागत नाही.

ग्रंथ कपाटात एकाच जागी राहणार, हे बंधन त्यांनी तालिकेतून सोडवले. तालिका म्हणजे ग्रंथांच्या नोंदींची पत्रके. लेखक, शीर्षक आणि विषयाचा प्रत्येक दुवा यांसाठी स्वतंत्र पत्रक केले, की वाचक कोणत्याही वाटेने आला तरी त्याच ग्रंथापर्यंत पोहोचतो. वर्गांकाच्या साखळीतील एकेक कडी घेऊन निर्देशी तयार करण्याची त्यांची रीत शृंखला पद्धती म्हणून ओळखली जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० पासून सुमारे दोन दशके ती वापरली.

डेटाबेस व्यवस्थापनाची प्राथमिक तत्त्वे ज्यांनी अभ्यासली आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. डेटाबेसमध्ये प्रत्येक वस्तूची किंवा व्यक्तीची एक नोंद असते आणि नोंदीचे रकाने ठरलेले असतात. प्रत्येक नोंदीला दुसऱ्या कोणालाही नसलेला क्रमांक दिला जातो. बँकेत तो खाते क्रमांक असतो, तर ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत तो दाखल अंक असतो. एकच माहिती अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहू नये, कारण एका ठिकाणी दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली की नोंदींत विसंगती येते. त्याऐवजी माहिती एकदाच साठवावी आणि तिच्याकडे नेणाऱ्या सूची मात्र अनेक असाव्यात. हजारो नोंदी पहिल्यापासून चाळण्याऐवजी सूचीमुळे संगणक थेट हव्या त्या नोंदीवर जातो, जसा वाचक तालिकेवरून थेट कपाटाकडे जातो.

इतिहासात या दोन्ही प्रवाहांची एक लक्षणीय जुळणी आढळते. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याचे प्रतिमान प्रसिद्ध केले. आजच्या बहुसंख्य डेटाबेस प्रणाली त्याच पायावर उभ्या आहेत. कॉड हेही गणिताचेच अभ्यासक होते. माहिती प्रत्यक्षात कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे, याची चिंता विचारणाऱ्याला करावी लागू नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्याच १९७० साली अमेरिकन ग्रंथालय संघाने वर्गीकरण आणि तालिकीकरणातील कार्याबद्दल रंगनाथन यांना मार्गारेट मान सन्मान प्रदान केला. दोघांच्या कार्याचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता. तरीही विचारणाऱ्याची सोय केंद्रस्थानी ठेवण्याची दोघांची दृष्टी सारखीच होती.

वाराणसी, दिल्ली आणि झुरिच

विद्यापीठ प्रशासनाशी मतभेद झाल्याने १९४५ साली रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठातील पद सोडले. दोन दशके ज्या ग्रंथालयासाठी रक्ताचे पाणी केले, तेथून बाहेर पडताना त्यांचे मन विषण्ण होते. त्या वेळी बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू असलेले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्यांना वाराणसीला बोलावून घेतले. तेथे दोन वर्षांत सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण रंगनाथन यांनी जवळजवळ एकहाती पूर्ण केले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

१९४७ साली ते दिल्ली विद्यापीठात गेले. तेथे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीपासून पीएच.डी.पर्यंतच्या अभ्यासाची सोय त्यांनी केली. याच विद्यापीठाने १९४८ साली त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्षपद, भारतीय मानक संस्थेच्या प्रलेखन समितीचे नेतृत्व आणि प्रलेखनविषयक आंतरराष्ट्रीय महासंघातील वर्गीकरण संशोधनाचे काम अशा जबाबदाऱ्या त्यांनी या काळात सांभाळल्या. १९५५ ते १९५७ या काळात झुरिचमध्ये वास्तव्य असताना युरोपातील अभ्यासकांशी त्यांचा संपर्क अधिक दृढ झाला. १९५२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने त्यांच्या पैलू विश्लेषणाचा पुरस्कार केला.

१९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री किताबाने गौरवले. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी एक लाख रुपये ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दान केले आणि त्या अध्यासनाला पत्नी शारदा यांचे नाव दिले. हे दान त्यांनी मद्रास विद्यापीठालाच दिले. ज्या संस्थेतून ते दुखावून बाहेर पडले होते, तिच्याविषयी कटुता न बाळगता त्यांनी हा निर्णय घेतला.

बंगळूरचा अखेरचा अध्याय

झुरिचहून परतल्यानंतर रंगनाथन यांनी बंगळूर ही आपली निवासाची जागा निवडली. मधल्या काळात १९५९ पर्यंत उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात त्यांनी अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम केले. वयाची साठी उलटून गेली होती, परंतु त्यांच्या कार्यातील एक महत्त्वाचे पर्व अजून बाकी होते.

त्या काळात बंगळूरचा कायापालट होत होता. भारतीय विज्ञान संस्था तेथे १९०९ पासून कार्यरत होती. विमाने, दूरध्वनी यंत्रणा, यांत्रिक हत्यारे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारे मोठे सार्वजनिक उद्योग एकामागून एक शहरात उभे राहिले होते. या उद्योगांतील अभियंत्यांना हवी असलेली माहिती जाड ग्रंथांत मिळत नसे. ती नियतकालिकांतील लेख, एकस्वांचे दस्तऐवज आणि तांत्रिक अहवाल यांत विखुरलेली असे. एका ग्रंथाऐवजी एका लेखाची, किंबहुना लेखातील एखाद्या मुद्द्याची नोंद करणे गरजेचे झाले होते. या कामाला प्रलेखन म्हणतात.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना ही गरज जाणवली होती. देशातील पहिला संगणक १९५० च्या दशकाच्या मध्यास कोलकात्यात आणणारी संस्था हीच. महालनोबिस यांच्या पाठिंब्याने आणि रंगनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६२ साली बंगळूरमध्ये या संस्थेचे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अत्यंत सूक्ष्म विषयांचे वर्गीकरण, निर्देशी तयार करण्याच्या पद्धती आणि उद्योगांना माहिती पुरवण्याचे तंत्र यांचे शिक्षण तेथे दिले जाऊ लागले. १९६४ साली या विषयाला वाहिलेले त्रैमासिक सुरू झाले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्रातील संशोधकांनी माहिती शोधण्यासाठी संगणकाच्या वापराचाही अभ्यास हाती घेतला. यंत्र कितीही वेगवान असले तरी विषयाचे विश्लेषण आधी नीट झालेले असले पाहिजे, ही रंगनाथन यांची धारणा त्या अभ्यासामागे होती.

१९६१ साली बंगळूरमध्ये शारदा रंगनाथन ग्रंथालयशास्त्र निधी स्थापन झाला. रंगनाथन यांनी आपल्या ग्रंथांचे मानधनही ग्रंथालयशास्त्राच्या कार्यासाठी दिले. १९६४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तर १९६५ साली भारत सरकारने त्यांची राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. गणिताशी असलेले नातेही त्यांनी तोडले नव्हते. १९६७ साली त्यांनी गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

कायद्यातून ग्रंथालये

ग्रंथालय ही दानशूरांच्या मर्जीवर चालणारी संस्था असू नये, तिला कायद्याचा आधार असावा, यासाठी रंगनाथन यांनी तीसच्या दशकापासून प्रयत्न केले. विविध प्रांतांसाठी त्यांनी ग्रंथालय विधेयकांचे मसुदे तयार केले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ साली मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा संमत झाला. स्वातंत्र्योत्तर भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. घरपट्टीवर अल्प उपकर आकारून ग्रंथालयांसाठी निधी उभा करण्याची तरतूद त्यात होती. बंगळूर ज्या राज्याची राजधानी आहे, त्या तत्कालीन म्हैसूर राज्यातही १९६५ साली ग्रंथालय कायदा झाला.

मराठी प्रदेशात या विचाराला अनुकूल भूमी पूर्वीपासून होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या संस्थानात गावोगावी ग्रंथालये स्थापन केली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली संमत झाला. त्यात मात्र उपकराचा मार्ग न स्वीकारता, लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान देण्याची पद्धत अवलंबण्यात आली. ग्रंथालयांचा खर्च कोणी आणि कसा उचलावा, हा रंगनाथन यांनी उपस्थित केलेला प्रश्न अनुदानाच्या प्रत्येक चर्चेत आजही डोके वर काढतो.

पद्धती मागे, तत्त्व पुढे

रंगनाथन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एका वस्तुस्थितीची दखल घ्यावी लागते. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचा प्रसार मर्यादित राहिला. भारतातील बहुसंख्य ग्रंथालयांत आजही ड्यूई यांचीच दशांश पद्धती वापरली जाते. द्विबिंदू पद्धतीचे लांबलचक वर्गांक, आवृत्तीगणिक होणारे बदल आणि पद्धती अद्ययावत ठेवणाऱ्या भक्कम यंत्रणेचा अभाव ही त्यामागील प्रमुख कारणे होत. सातवी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ साली प्रकाशात आली. कपाटातील ग्रंथाच्या पाठीवर लिहिण्यासाठी सुटसुटीत क्रमांक हवा असतो. रंगनाथन यांच्या पद्धतीची सूक्ष्मता तेथे अडचणीची ठरली.

संगणकाला मात्र क्रमांकाच्या लांबीची अडचण नसते. त्यामुळे कागदावर क्लिष्ट वाटलेले पैलूंचे तत्त्व संगणकाच्या पडद्यावर सोपे झाले. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर साडी शोधताना ग्राहक कापड, रंग, किंमत आणि विणकामाचा प्रदेश यांपैकी हवे ते निकष हव्या त्या क्रमाने निवडतो आणि यादी आपोआप आटोपशीर होत जाते. ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकांतही लेखक, वर्ष, भाषा आणि विषय असे निकष लावून शोध घेता येतो. माहितीशास्त्रात या रीतीला पैलूनुसार शोध असेच म्हटले जाते आणि तिच्या सैद्धांतिक पायाची चर्चा करताना रंगनाथन यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

१९९२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने टपाल तिकीट काढले. त्यांनी उभारलेले केंद्र बेंगळुरूच्या म्हैसूर रस्त्यावरील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आवारात कार्यरत आहे. तेथील विद्यार्थी आता संगणकीय ग्रंथालये आणि माहितीची अर्थाधारित मांडणी यांचा अभ्यास करतात.

अध्यापनाकडे परतण्याची वाट मोकळी असूनही रंगनाथन परतले नाहीत. कुलूपबंद कपाटांतील ज्ञान सामान्य माणसाच्या हाती पडावे आणि ते शोधताना त्याचा वेळ वाया जाऊ नये, या एका ध्यासापायी त्यांनी आपली बुद्धी, आयुष्य आणि अखेरीस बचतही खर्ची घातली. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला उत्तरापर्यंत किती सुलभपणे जाता येते, हा त्यांनी ग्रंथालयाला लावलेला निकष आज अब्जावधी नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसलाही तितकाच लागू पडतो.